शरणपूर ते राबाई

शुक्रवार

नाशकात शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. मला माझी आजी आठवते. ती सांगायची, "इथं हबशी पोरं राहायची गं, गुलामीतून सोडवलेली. इथंच मराठी शिकली, सुतारकी शिकली आणि परत आपल्या देशाला गेली." ती पोरं कुठे गेली, असं मी विचारलं की ती नुसतं "समुद्रापल्याड" म्हणायची. शाळेतली नोकरी संपली, दादाही आयटीआयमधून सुतारकामाचा निदेशक म्हणून निवृत्त झाला आणि आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं, समुद्रापल्याड जाऊन यायचं. पीतज्वराची लस, पिवळं कार्ड, व्हिसा हे सगळं महिन्याभरात झालं. मुंबईहून नैरोबी आणि तिथून झांझिबार. संध्याकाळी स्टोन टाउनच्या बोळांत शिरलो तेव्हा अंगाला मुंबईसारखीच चिकट हवा लागत होती.

आजीच्या गोष्टीमागचा इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमार पूर्व आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावर गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतली काही मुलं मुंबईला आणली जायची. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभारली होती आणि 1860 च्या सुमारास या मुलांचा आश्रम तिथे हलवला. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. लिहिणं-वाचणं, सुतारकी, लोहारकी असं शिक्षण असे. आईबापांपासून तोडलेली, गावाचं नावही धड न आठवणारी ही मुलं गोदावरीच्या काठी वाढली.

रात्री जेवायला उरोजो घेतला. आंबटसर पातळ रश्शात भजी, बटाटा, वर कुरकुरीत काहीतरी. सोबत कांदा-टोमॅटोची "कचुंबरी". दुकानाला इथे "दुका" म्हणतात, लाखाला "लाकी". दादाला गंमत वाटली. मला मात्र प्रश्न पडला की आपले शब्द इथे पोचले ते कोणत्या व्यवहारातून?

शनिवार

सकाळी म्कुनाझिनीला, ख्राइस्ट चर्च कॅथेड्रलला गेलो. दिवसभर तिथेच होतो.

हे चर्च, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या भाषेत मंदिर, गुलामांच्या बाजाराच्या जागेवर उभं आहे. 5 जून 1873 रोजी सुलतान बरगश यांनी इंग्रजांशी करार केला, समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बेकायदा ठरला आणि हा बाजार बंद झाला. कराराची बोलणी करायला आले होते सर बार्टल फ्रिअर, त्याआधी पाच वर्षं मुंबईचे गव्हर्नर असलेले तेच. सुलतानांनी त्यांना नकार दिला होता. पुढे आरमाराने बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी दिली तेव्हा सही झाली. बाजार बंद झाला त्याच वर्षी बिशप एडवर्ड स्टीअर यांनी इथे चर्चचं काम काढलं. 1877 च्या नाताळात अपुऱ्या इमारतीतच पहिली उपासना झाली.

वेदीपुढच्या फरशीत पांढऱ्या संगमरवराचं वर्तुळ आहे, भोवती लाल दगड. बाजारात जिथे फटके मारण्याचं झाड होतं ती ही जागा. फटके खाऊन जो रडला नाही त्याला जास्त भाव, असं वाटाड्याने सांगितलं. मी गुडघे टेकले. प्रार्थना सुचेना. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, मुकादमांच्या जाचामुळे त्यांनी केलेला आकांत मी ऐकला आहे. आमच्या मराठी शास्त्रात "मुकादम" हाच शब्द आहे. लहानपणापासून तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मिसर देश, म्हणजे इजिप्त, कधी आला नाही, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, उचल घेतलेली जोडपी आली. पण इथे त्या वर्तुळापाशी मला पहिल्यांदा वाटलं की ज्याने रडणं गिळलं, त्याचा आकांत कोणी ऐकला असेल? मग लक्षात आलं, ऐकला असेल तर तो त्यानेच. बाकी सगळ्यांना त्या गप्प राहण्याचा भाव कळला.

खांबाला लावलेला एक लाकडी क्रूस आहे. आफ्रिकेत आयुष्य घालवलेला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याचं हृदय चितांबो गावात ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा. दादा बराच वेळ त्याच्यापाशी थांबला, तो लाकूड बघत होता. खिडक्यांच्या काचा गुलामांच्या गलबतांचा पाठलाग करताना मेलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ आहेत. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळचे काही खांब उलटे बसवलेत. बिशप बाहेरगावी असताना कारागिरांनी ते तसे बसवले आणि मग तसेच राहू दिले.

बाहेर अंगणात स्वीडिश शिल्पकार क्लारा सॉर्नास यांचं शिल्प आहे. जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात पाच माणसं उभी, गळ्यात खरी जुनी साखळी. कोणी शेजाऱ्याकडे बघत नाही. मी शिक्षिका होते, मुलांना रांगेत उभं करणं हे माझं रोजचं काम. त्या पाच जणांना बघून रांग या शब्दाचीच मला शिसारी आली.

शेजारच्या इमारतीखाली तळघरं दाखवतात, बुटकी, दगडी ओटे असलेली. ही इमारत मिशनने नंतर बांधली, त्यामुळे इथे गुलाम ठेवत असतील यावर काही अभ्यासकांचा विश्वास नाही. वर प्रदर्शन चांगलं आहे, तिथे वेळ द्यावा. 1860 च्या दशकात वर्षाला पंधरा-वीस हजार माणसं झांझिबारच्या जकातीतून जायची. माणशी जकात ठरलेली होती. आणि ती जकात गोळा करण्याचा मक्ता कित्येक वर्षं कोणाकडे होता? कच्छी भाटिया पेढीकडे. इथला हस्तिदंत मुंबईला जायचा, लवंग मुंबईला जायची, कर्ज मुंबईच्या पैशावर चालायचं. इथल्या हिंदी लोकांकडेही गुलाम होते. 1860 च्या आसपास इथले ब्रिटिश कॉन्सल (सरकारी प्रतिनिधी) रिग्बी यांनी इंग्रजी रयत म्हणून त्यांच्यावर कायदा लावला आणि हजारो गुलाम सोडवले. आणि पुढे या बाजाराच्या जागेचा काही भाग चर्चसाठी ज्याने दान केला, तोही एक धनाढ्य हिंदू व्यापारीच.

रविवारशाळेत मी चाळीस वर्षं निर्गमाची गोष्ट सांगितली. दर वेळी आम्ही म्हणजे इस्राएल. गुलामीतून सुटलेले, समुद्र ओलांडलेले. फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, चोपड्या लिहिणारा कारकून कोण होता, हे मी मुलांना कधी विचारलं नाही.

रविवार

सकाळची उपासना किस्वाहिलीतून. शब्द कळत नव्हते, क्रम कळत होता. पापांगीकाराच्या वेळी मी मराठीतून पुटपुटले.

उपासनेनंतर एका वयस्कर बाईंशी बोलणं झालं. त्यांनी 1872 च्या वादळाचा विषय काढला. एप्रिल महिन्यात आलेल्या त्या चक्रीवादळाने या बेटावरच्या लवंगेच्या बागा जवळजवळ साफ केल्या आणि पुढच्याच वर्षी बाजार बंद झाला. त्या म्हणाल्या, तो देवाचा न्याय होता, फारोच्या सैन्याला बुडवणाऱ्या लाल समुद्रासारखा. मी मान डोलावली खरी, पण दिवसभर ते मनात घोळत राहिलं. वादळात गलबतं बुडाली तेव्हा गलबतातले साखळीतले लोकही बुडाले असतील. शेजारच्या पेंबा बेटावरच्या बागा वाचल्या, लवंगेचे भाव चढले आणि तिथे कामाला आणखी गुलाम लागले. मला वादळात न्याय दिसत नाही. देवाला न्याय करायचा तर तो झाडांवर कशाला करेल?

संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत बसून दादाला वाचून दाखवलं. व्यापार बंद झाला 1873 ला, पण गुलामगिरी चालूच होती. एप्रिल 1897 च्या फर्मानाने तिचं कायदेशीर रूप संपलं. मालकांना भरपाई मिळाली. गुलामाला मात्र आपण होऊन कचेरीत जाऊन सुटका मागावी लागे, आणि राहायला घर व पोटाला धंदा दाखवता आला नाही तर त्याला भटक्या ठरवता येई. रखेल म्हणून ठेवलेल्या बायकांना तर 1909 पर्यंत वाट पाहावी लागली.

दादा म्हणाला, "म्हणजे ज्याचं गेलं त्याला काहीच नाही."

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे. दासाला मुक्त करून पाठवशील तेव्हा रिकाम्या हाताने पाठवू नकोस. आपल्या कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरपूर दे. तूही मिसरात दास होतास हे आठव. दया म्हणजे साखळी तोडणं एवढंच आम्हाला वाटतं. शास्त्र तिथे थांबत नाही, ते हात बघतं. रात्री झोपेतही मला ते पाच जण दिसले, आणि या वेळी मी त्यांचे हात बघत होते.

सोमवार

मंगापवानी. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर. व्यापार बेकायदा झाल्यावर चोरून नेण्यासाठी माणसं लपवायची जागा. प्रवाळाच्या खडकात खणलेल्या अरुंद कोठड्या, खाली उतरणाऱ्या उंच पायऱ्या, वर छत. रानातून बघितलं तर काही असेल असं वाटत नाही. मी अर्ध्या पायऱ्या उतरले आणि परत वर आले. दादा खाली जाऊन आला, बोलला नाही. समुद्र तिथून अगदी जवळ आहे.

मंगळवार

पहाटेची फेरीबोट, दोन तासांत दार-ए-सलाम, तिथून मोटारीने बागामोयो. आतून येणारे काफिले इथे किनाऱ्याला लागत. कॅथलिक मिशनने 1868 मध्ये इथे ठाणं मांडलं आणि विकत घेऊन सोडवलेल्या मुलांचं गाव वसवलं. आवारात जुना गोरखचिंचेचा प्रचंड वृक्ष आहे, त्याच्या खोडात लोखंडी साखळी रुतून गेलेली. ती गुलामांची नाही, कोण्या बाईंनी गाढव बांधायला लावलेली. तरी सगळे तिथेच फोटो काढत होते.

आम्ही आलो होतो ते छोट्या मनोऱ्यापाशी. फेब्रुवारी 1874 मध्ये लिव्हिंग्स्टनचं पार्थिव या मिशनमध्ये एक रात्र ठेवलं होतं. 1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियात, तो गेला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी हृदय तिथेच पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. त्यांतल्या सुसी आणि चुमा यांची नावं बऱ्याच जणांना ठाऊक असतात. पण पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. जेकब आमच्या शरणपूरचा विद्यार्थी. मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारस फारार हे त्याच्याबरोबरचे, तेही नाशिकचेच.

दादा म्हणाला, "जिवंत झाडावर अक्षर कोरायचं तर साल आधी नीट सोलून घ्यावी लागते, पटाशी धारेची लागते. हे शिकवलेला हात होता."

किनाऱ्यावर पोचल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी या लोकांचा पगार चुकता करून त्यांना मोकळं केलं. इंग्लंडला पेटीबरोबर गेला तो एकटा जेकब, तोही मिशनने त्याचा खर्च उचलला म्हणून. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबीत खांदा देणाऱ्यांत एकच आफ्रिकी होता. तिथल्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी हा देह जमिनीवरून आणि समुद्रावरून आणला. हात लिहिलेत. त्या हातांची नावं नाहीत. जेकब पुढे आफ्रिकेत परतला आणि 1892 मध्ये उरांबोला वारला.

मी त्या मनोऱ्याच्या पायरीवर बसून मोठ्याने नावं घेतली. जेकब. मॅथ्यू. कारस. तिथल्या माळ्याने थांबून ऐकलं.

बुधवार

दिवसभर बस. तांगा, होरोहोरोची सरहद्द, शिक्के, पुन्हा बस, मग लिकोनीची फेरी. मोंबासा रात्री.

गुरुवार

न्यालीच्या बाजूला एक चौक आहे, केंगेलेनी. किस्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. रहदारीच्या मधोमध दगडी कमानीत ती घंटा अजून टांगलेली आहे. सोडवलेल्या माणसांच्या वस्तीवर गुलाम पकडणारे चालून येत, तेव्हा इशारा द्यायला ती वाजवत. वस्तीचं नाव फ्रिअरटाउन. मुंबईच्या त्याच गव्हर्नरचं नाव. 1874 च्या अखेरीस शरणपूरचे प्राइस इथे आले आणि ही वस्ती वसली. नाशकात शिकलेले आफ्रिकी शिक्षक, सुतार, लोहार तिचा कणा होते. इथले लोक त्यांना "बॉम्बे आफ्रिकन" म्हणत. त्यांतले विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड तर 1864 लाच या किनाऱ्यावर परतले होते, प्राइस यांच्या दहा वर्षं आधी. इश्माएल सेमलर हेही नाशिकचे. जोन्स आणि सेमलर यांना 1885 मध्ये डीकन (पाळकाच्या खालचा धर्मसेवक) म्हणून दीक्षा मिळाली.

जवळच इमॅन्युएल चर्च आहे. तिथे सत्तरीतले एक गृहस्थ भेटले, त्यांचे पणजोबा सोडवलेल्यांपैकी. आम्ही नाशिकहून आलो म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. घरी नेलं, चहा दिला, आलं घातलेला, आपल्यासारखाच. पणजोबांचं मूळ नाव घरात कोणाला माहीत नाही, म्हणाले. जहाजावरून उतरवल्यावर जे इंग्रजी नाव मिळालं तेच आडनाव झालं. आणि जमिनीचं? पिढ्यान् पिढ्या राहतो ती जमीन कागदावर आमची करून घ्यायला आयुष्य गेलं, म्हणाले. स्वरात तक्रार नव्हती. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. रिकाम्या हाताने पाठवू नकोस ही आज्ञा मोडली की तिची किंमत चौथ्या पिढीला मोजावी लागते.

त्यांना मी इगतपुरीबद्दल सांगितलं. लपवून काय करणार? 2022 साली आमच्याच नाशिक जिल्ह्यात कातकरी आईबापांची लेकरं काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू देऊन मेंढ्या राखायला नेलेली सापडली, त्यातली एक मुलगी मेली तेव्हा बाहेर आलं. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे. ते गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "जी सुटली त्यांना पुढे काय दिलं?" या माणसाला सगळ्यात आधी हाच प्रश्न सुचावा, यात नवल नाही.

मॅथ्यू वेलिंग्टन याच मोंबासात 1935 पर्यंत जगले. म्हणजे माझ्या आजीच्या तरुणपणी ते हयात होते. आजीला हे कळलं असतं तर.

शुक्रवार

राबाई. मोंबासापासून वर टेकड्यांत, नारळी आणि काजूच्या झाडांमधून रस्ता. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1846 मध्ये इथे ठाणं केलं. त्याआधी दोन वर्षं, मोंबासाला पोचल्या पोचल्या, क्राफ यांची पत्नी आणि तान्ही मुलगी वारली होती. रेबमान इथे इतकी वर्षं राहिले की दृष्टी गेली. 1864 साली नाशिकची मुलं आली ती यांच्या मदतीला. आता इथे क्राफ यांच्या नावाचं संग्रहालय आहे, त्यांची घरंही जपलेली आहेत.

पण माझ्यासाठी राबाई जोन्स यांचं आहे. 1880 च्या दशकात किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम इथे येऊन राहू लागले. त्यांना "वातोरो" म्हणत, पळपुटे. मिशनच्या वरिष्ठांनी बजावलेलं होतं की पळून आलेल्यांना ठेवू नका, मालकांशी आणि राज्यकर्त्यांशी तंटा नको. जोन्स यांनी त्यांना घालवलं नाही. ज्याला लहानपणी विकलं होतं, त्याने दार लावायचं कसं? अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात लिहिलंय की मालकापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल तिथे तुझ्यामध्ये राहू दे. हे वचन मी शंभरदा वाचलं असेल, कोणी पाळलेलं इथे पाहिलं.

1888 मध्ये मालक हत्यारं घेऊन उठायच्या बेतात आले. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना पैसे मोजले आणि 1 जानेवारी 1889 रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. प्राइस तेव्हा म्हातारपणी परत आले होते, तेही हजर. पैसे पुन्हा मालकांनाच मिळाले, हे मला टोचतं. पण या लोकांच्या हातात निदान कागद होता, पायाखाली कसलेलं शेत होतं, आणि ज्याने त्यांना घेतलं तो त्यांच्यातलाच होता. झांझिबारच्या फर्मानापेक्षा हे फार वेगळं आहे. देवाची दया कुठे बघायची असं मला कोणी विचारलं तर मी आरमाराची जहाजं दाखवणार नाही, हे आवार दाखवीन.

संग्रहालयातल्या ताईंनी नोंदवहीत आमचं गाव वाचलं आणि शरणपूर म्हणजे काय असं विचारलं. मी सांगितलं, शास्त्रात, गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात, लेवींना दिलेली सहा नगरं आहेत. चुकून कोणाच्या हातून रक्त सांडलं तर सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवायला त्याने तिथे धावायचं आणि न्याय होईपर्यंत तिथे राहायचं. त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. "माकिंबिलिओ," त्या म्हणाल्या. मग दादाला कळावं म्हणून त्यांनी दोन बोटं टेबलावर पळवून दाखवली. किंबिया म्हणजे धावणं. जिथे धावत जायचं ते किंबिलिओ.

"मग हेसुद्धा शरणपूरच की," दादा म्हणाला. मी ते त्यांना इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी नोंदवही स्वतःकडे ओढली, आमच्या गावाच्या नावाखाली किस्वाहिलीत तो शब्द लिहिला आणि वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली, सही राहिली होती.